धोबीतलाव ते वरसावे: मुंबईच्या बँडांची वाटचाल

मुंबईतल्या बँडांचा इतिहास सांगायचा तर सुरुवात धोबीतलावपासून करावी लागते. मेट्रो सिनेमाच्या चौकात जेर महल ही जुनी इमारत आहे. तिच्यात वरच्या मजल्यांवर गोवेकरांच्या कूडी आणि तळाला फुर्टाडोजचं वाद्यांचं, स्वरलिपीच्या वह्यांचं दुकान. पाच मिनिटं चाललं की सेंट झेवियर्स कॉलेज. कॉलेजमागच्या गल्लीत रंगभवन हे खुलं नाट्यगृह. गोव्याहून व्हायोलिन घेऊन आलेला मुलगा ज्या कूडीत उतरला आणि साठ वर्षांनी इलेक्ट्रिक गिटार घेतलेला कॉलेजचा मुलगा ज्या मंचावर चढला, त्या दोन जागा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत. हा योगायोग नाही. गाणारे-वाजवणारे जिथे स्वस्तात राहू शकतात, भेटू शकतात आणि वाजवू शकतात, तिथेच बँड उभे राहतात. ती जागा गेली की बँड विखुरतात. मुंबईच्या गेल्या नव्वद वर्षांत हे पुन्हा पुन्हा घडलं.

कूड म्हणजे गोव्यातल्या एका गावाने मुंबईत चालवलेली सामाईक खोली. गावचा माणूस पोटासाठी मुंबईत आला की त्याने आपली पत्र्याची पेटी कूडीतल्या भिंतीशी लावायची, रात्री जमिनीवर पथारी पसरायची आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर तेर्सच्या प्रार्थनेला बसायचं. भाडं नाममात्र. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, शिंपी, शिपाई यांच्याबरोबर वादकही इथेच उतरत. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन हाती देत, मिस्साच्या वेळी समूहात गाऊन घेत. कागदावर लिहिलेलं संगीत पाहताक्षणी वाजवता येणारा वादक त्या काळच्या हिंदुस्थानात विरळा होता. गोव्यातल्या खेडोपाडी तो सहज सापडत होता.

ही परंपरा फक्त गोव्याची नाही. साष्टी बेटही पोर्तुगीजांकडेच होतं. वसईच्या खाडीवर, आजच्या वरसाव्याजवळ, घोडबंदरचा किल्ला त्यांच्याच काळातला. 1737 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली, 1739 मध्ये वसई पडली आणि पोर्तुगीज सत्ता इथून उठली. पण चर्च राहिली, गावं राहिली आणि चर्चमधलं गाणंही राहिलं. इथल्या ख्रिस्ती कुणबी, कोळी, आगरी समाजाने 1887 मध्ये स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. डोंगरी, उत्तन, भाईंदरपासून वसईपर्यंत त्यांच्या लग्नांत एकीकडे घुमटावरची मराठी गाणी आणि दुसरीकडे ब्रास बँडचे ट्रम्पेट असे दोन्ही सूर नांदले. मुंबईच्या बँडांची एक मुळी गोव्यात आहे, तर दुसरी या खाडीकाठीही आहे.

1935 च्या अखेरीस अमेरिकेतला कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला जॅझ बँड घेऊन मुंबईत आला आणि ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात वाजवू लागला. मुंबईत कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा पूर्ण बँड पहिल्यांदाच आला होता. मायदेशी वर्णभेद सोसणाऱ्या या वादकांना आशियातल्या मोठ्या हॉटेलांत मान आणि पैसा दोन्ही मिळत. ॲबी गेल्यावर कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथने बँड चालवला, त्यानंतर पियानोवादक टेडी वेदरफर्डने. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याला गेला आणि 1945 मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला.

या परदेशी पाहुण्यांपासून गोव्याचे वादक शिकले. स्वरलिपी त्यांना येतच होती. कागदावर नसलेलं कसं वाजवायचं, ताल जरा मागे ओढून कसा धरायचा, दोन स्वरांच्या मधली जागा कशी रंगवायची, हे त्यांनी शेजारी बसून उचललं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला. त्याच्या ट्रम्पेटमुळे लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मिकी कोरियाने 1939 पासून सुमारे दोन दशकं ताजमध्ये आपला बँड वाजवला. रूडी कॉटन या नावाने गाजलेला सॅक्सोफोनवादक पारशी होता. त्याचं खरं नाव कावसजी खटाव. फ्रँक फर्नांड हा कुडचड्याचा ट्रम्पेटवादक. 1946 मध्ये मसुरीला त्याची गांधीजींशी भेट झाली. त्या भेटीनंतर जॅझमध्ये हिंदुस्थानी सूर आणायचा त्याने ध्यासच घेतला.

त्याच वर्षांत शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळं संगीत उभं राहत होतं. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. परळ-लालबागच्या चाळींच्या चौकात, गिरण्यांच्या फाटकांपाशी, मैदानांत डफ आणि तुणतुण्यावर पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं सुरू झाली. ताजच्या नृत्यगृहात सूट घालून वाजवणारा गोवेकर आणि कामगार मैदानात गळा मोकळा सोडणारा शाहीर एकमेकांना कदाचित कधीच भेटले नसतील. दोघांनाही ऐकणारं शहर मात्र एकच होतं, आणि पुढे काही वर्षांतच दोघांचेही सूर एका रस्त्यावर आले. ती गोष्ट सिनेमाची.

स्वातंत्र्यानंतर बँडांवर पहिला मोठा घाव आला तो दारूबंदीचा. 1949 मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 पासून तो पूर्ण अमलात आला. इंग्रज गेले, संस्थानिकांचा खर्च आटला आणि त्यात मद्यविक्री थांबल्यावर हॉटेलांना रोजचा मोठा बँड परवडेना. पंधरा-पंधरा वादकांचे ताफे चार-पाच जणांवर आले. कित्येकांनी परदेशी जहाजांवर नोकऱ्या धरल्या. उरलेल्यांना सिनेमाने हात दिला.

धोबीतलाव-प्रिन्सेस स्ट्रीट भागात आल्फ्रेड नावाचं इराणी हॉटेल होतं. सकाळी वादक तिथे चहा घेत बसत आणि संगीतकारांचे साहाय्यक तिथेच येऊन त्या दिवसाच्या ध्वनिमुद्रणासाठी माणसं ठरवत. स्टुडिओतलं काम कसं चाले ते नीट पाहण्यासारखं आहे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये उतरवून घेई आणि मग सारी इमारत तोच रची: आधीच्या वाद्यसंगीतात व्हायोलिनांनी काय करायचं, अंतऱ्यामागे चेलो कुठे धरायचा, कडव्यांच्या मधे ट्रम्पेट कुठे उसळायचा. मग नकला करणारा प्रत्येक वाद्याचा भाग वेगळ्या कागदावर लिहून काढी. वादक येत, समोरच्या स्टँडवर कागद ठेवत आणि एक-दोन तालमींत गाणं उभं करत. पडद्यावर नाव संगीतकाराचं येई. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवत होते. मुंबईत आल्यावर त्यांनी ओ. पी. नय्यर आणि मग शंकर-जयकिशन यांच्यासाठी वर्षानुवर्षं हे काम केलं. पुढे अनिल मोहिल्यांसारखे मराठी अरेंजरही या विद्येत तयार झाले.

चिक चॉकलेटची गाठ पडली सी. रामचंद्रांशी. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर मराठी नाट्य-भावगीताच्या वातावरणात वाढलेले, पण कान चारी दिशांना उघडा. 1951 च्या ‘अलबेला’मध्ये या जोडीने जॅझ, लॅटिन अमेरिकन ठेके आणि आपल्या मातीतली चाल अशी मिसळली की वेगळं काढणं अवघड. चिकचा बँड या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. आणि त्यावर नाचले भगवानदादा पालव, गिरणी कामगाराच्या घरातून आलेला, दादर-परळच्या वस्तीचा माणूस. त्यांचा तो संथ, खांदे हलवत केलेला नाच गणपतीच्या मिरवणुकीत उतरला आणि आजवर तिथून हललेला नाही. ताजच्या नृत्यगृहातला ट्रम्पेट सिनेमात गेला, सिनेमातून लग्नाच्या ब्रास बँडने उचलला आणि ब्रास बँडकडून तो लालबागच्या रस्त्यावर पोचला.

रस्त्यावर आणखी एक वाद्य त्याची वाट पाहत होतं. टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तारवाद्य, मूळचं जपानी. 1912 मध्ये गोरो मोरिता यांनी ते ‘ताइशोगोतो’ म्हणून बनवलं. हिंदुस्थानात आल्यावर ते बुलबुलतरंग झालं आणि मुंबईने त्याला बेंजो म्हटलं. त्याला पिकअप लावून भोंग्यातून वाजवायला लागल्यावर त्याचा चिरका, धारदार आवाज ढोल-ताशाच्या गदारोळातूनही वर येऊ लागला. गिरगाव, लालबाग, परळ, वरळीच्या चाळींतून बेंजो पार्ट्या निघाल्या. पोरं दिवसा नोकरी करत, संध्याकाळी गच्चीवर तालीम करत आणि सणासुदीला सुपाऱ्या घेत. कोकणातला खालूबाजा, कच्छी बाजा, कोळीगीतांचा ठेका, हिंदी गाणी, सगळं एका पार्टीत चालायचं. मुंबईत सर्वांत जास्त लोकांनी समोरासमोर ऐकलेले बँड कोणते, असं विचारलं तर माझं उत्तर बेंजो पार्ट्या हेच आहे. लिहिल्या गेलेल्या इतिहासात त्यांना मिळालेली जागा मात्र फार थोडी आहे.

धोबीतलावच्या बाजूला याच काळात एक धाडसी प्रयोग झाला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस स्टुडिओतले नामांकित व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल शर्मा त्यांचे शिष्य. 1958 मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात हिंदुस्थानी रागांवर रचलेलं आपलं संगीत सादर केलं. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. इतक्या वादकांचा खर्च फार काळ झेपणारा नव्हता. 1965 मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले, परतल्यावर माजोर्ड्याला शांतपणे राहिले आणि 2012 मध्ये वारले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे त्यांचं नाव देशभर झालं. ते नाव एका खऱ्याखुऱ्या थोर संगीतकाराचं आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक होतं.

साठच्या दशकात चर्चगेटच्या रेस्टॉरंटांनी बँडांना पुन्हा जागा दिली. ॲस्टोरिया हॉटेलातलं व्हेनिस, ॲम्बेसेडर, गेलॉर्ड यांच्या दारातून संध्याकाळी संगीत बाहेर येई. मडगावच्या क्रिस पेरीने व्हेनिसमध्ये आपला बँड वाजवला आणि लॉर्ना कोर्देरो या कोवळ्या वयाच्या गायिकेला पुढे आणलं. त्यांची कोंकणी गाणी जॅझच्या साजात होती, म्हणून ती मुंबईच्या रेस्टॉरंटात जमली आणि गोव्याच्या घराघरातही गेली. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला होता. आपल्या भाषेत, आपल्या ठेक्यावर आधुनिक गाणं करता येतं हा आत्मविश्वास या बँडने कोंकणी माणसाला दिला.

मग बीटल्सचा जमाना आला. शिमला सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘शिमला बीट’ स्पर्धेसाठी देशभरातून कॉलेजच्या पोरांचे बँड येऊ लागले. 1970 आणि 1971 मध्ये या स्पर्धकांच्या तबकड्याही निघाल्या. मुंबईचा ‘सॅव्हेजेस’ गाजला, नंतर ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’. या दोन्ही बँडांत गायलेला एक मुलगा मराठी घरातला होता: आत्माराम भेंड्यांचा मुलगा नंदू. 1974 मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तो ज्यूडास झाला. चार वर्षांनी, 1978 मध्ये, पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तवरून केलेलं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी थिएटर ॲकॅडमीतर्फे रंगमंचावर आणलं, तेव्हा त्यात अंकुश हा रॉक गाणारा गुंड नंदू भेंड्यांनी उभा केला. एकाच नाटकात लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक. मराठी प्रेक्षकाने ते खुल्या मनाने घेतलं. रॉक ही इंग्रजी शाळेतल्या पोरांची चैन आहे असं म्हणणाऱ्यांना नंदू भेंडे हे पुरेसं उत्तर आहे. 2014 मध्ये ते गेले. त्यांच्यावर मराठीत जेवढं लिहिलं जायला हवं होतं तेवढं लिहिलं गेलं नाही.

त्याच 1978 मध्ये रंगभवनचा सोनेरी काळ सुरू झाला. निरंजन झवेरी आणि ‘जॅझ इंडिया’ने पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली. सनी रोलिन्ससारखा जगद्विख्यात सॅक्सोफोनवादक धोबीतलावच्या गल्लीत, उघड्या आकाशाखाली वाजवून गेला. 1986 मध्ये फरहाद वाडियांनी स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू केलं आणि रंगभवन कॉलेजच्या पोरांचं तीर्थस्थान झालं. काळे टी-शर्ट घातलेली पोरं लोकलने मेट्रो सिनेमाजवळच्या स्टेशनांवर उतरत आणि चालत गल्लीत शिरत. डोंबिवलीचा मुलगा आणि कुलाब्याचा मुलगा एकाच रांगेत उभे असत. श्रोत्यांना बँड आवडला नाही तर ते लगेच कळायचं, आवडला तर सारं आवार उसळायचं. नव्या बँडला याहून चांगली शाळा कुठली?

या शाळेत घडलेला मोठा बँड म्हणजे ‘रॉक मशीन’. 1984 मध्ये स्थापन झालेल्या या बँडमध्ये उदय बेनेगल गायचे, महेश तिनाईकर गिटार वाजवायचे. तोवरचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत. रॉक मशीनने 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि 1993 मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. दुसऱ्याचं गाणं चोख वाजवणं ही कारागिरी आहे. स्वतःचं गाणं लोकांपुढे ठेवायला हिंमत लागते, आणि ती हिंमत या बँडने पुढच्या पिढीला दिली. 1994 मध्ये आलेला ‘पेंटाग्राम’ त्याच वाटेने गेला.

रंगभवन मिटलं ते कायद्याने. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 मध्ये आले. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या शंभर मीटरांत शांतता क्षेत्र आणि रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनच्या एका अंगाला कामा रुग्णालय, दुसऱ्या अंगाला गोकुळदास तेजपाल रुग्णालय आणि खेटून कॉलेज. न्यायालयाच्या आदेशांनंतर काही वर्षांतच तिथले मोठे कार्यक्रम थांबले. कायदा चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. प्रसूतीसाठी दाखल झालेल्या बाईला शांतता हवीच. चूक वेगळीच झाली: जी जागा बंद केली तिच्या बदल्यात शहराने दुसरी जागा दिली नाही. इंडिपेन्डन्स रॉक अंधेरीच्या मैदानावर गेलं, जॅझ यात्रेचं घर सुटलं. पुढे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री दहशतवादी हल्ल्यात याच गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले आणि रंगभवनचं नाव साऱ्या महाराष्ट्राला त्या कारणाने ठाऊक झालं.

नंतरची वर्षं खासगी जागांची. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ उघडलं. उत्तम ध्वनियंत्रणा, देशोदेशीचे बँड. ज्या गिरणगावात कलापथकं घडली तिथे पुन्हा संगीत आलं, पण आता दारावरचं तिकीट आणि आतला खर्च गिरणी कामगाराच्या नातवाला परवडणारा नव्हता. 2016 मध्ये तेही बंद झालं. जागेचं भाडं आणि संगीताची मिळकत यांचा मेळ मुंबईत बसत नाही, हे पुन्हा एकदा दिसलं.

तरी सूर थांबले नाहीत. ‘स्वदेसी’ या रॅप करणाऱ्या मंडळींनी मराठी, हिंदी, गुजराती अशा आपापल्या भाषांत शहराच्या प्रश्नांवर गाणी केली. आरेच्या जंगलातली झाडं तोडण्याला विरोध सुरू असताना त्यांनी तिथल्या आदिवासी पाड्यातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. आदिवासी गळा आणि रॅप एका गाण्यात. आरे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण टोकाला आहे आणि त्याच उद्यानाच्या उत्तर टोकाला वरसावे आहे.

आणि म्हणूनच हा इतिहास वरसाव्यापर्यंत आणायचा. धोबीतलावची वस्ती विरळ होत गेली, गिरगाव-परळची माणसं उपनगरांत सरकली, ख्रिस्ती कुटुंबं मीरा रोड, भाईंदर, वसईला आली. आज मुंबईचा वादक बहुधा वेस्टर्न लाइनच्या शेवटच्या स्टेशनांजवळ राहतो. मीरा-भाईंदर महानगरपालिका 2002 मध्ये झाली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या आठ लाखांवर होती, आता ती कितीतरी वाढली आहे. नाटकांसाठी लता मंगेशकर नाट्यगृह झालं, हे चांगलंच झालं. पण तिथलं तारखांचं गणित आणि भाडं नव्या बँडला झेपणारं नसतं. उत्तनचा ब्रास बँड, काशीमिऱ्याची बेंजो पार्टी, मीरा रोडचे रॅप करणारे, भजनी मंडळं, पाड्यांवरचे तारपावादक या सगळ्यांना आज वाजवायला मिळतं ते लग्नाच्या लॉनवर नाहीतर मिरवणुकीत, म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीने आणि दुसऱ्याच्या फर्माइशीने. रंगभवनने दिली तशी, स्वतःचं गाणं अनोळखी माणसांपुढे ठेवण्याची जागा इथे नाही.

वरसाव्याला, जिथे घोडबंदर रस्ता अहमदाबाद महामार्गाला मिळतो, तिथे ठाणे, वसई आणि मुंबई तिन्हीकडून माणूस पोचतो. रुग्णालयं आणि शाळांपासून दूर, जंगलाची हद्द आणि गावकऱ्यांची झोप सांभाळून, या पट्ट्यात कुठेतरी खुला, स्वस्त, सार्वजनिक रंगमंच उभा राहू शकतो. फार मोठा नको. हजार माणसांना बसता येईल, दहाच्या ठोक्याला कार्यक्रम संपेल आणि महिन्यातून काही संध्याकाळी स्थानिक बँडांना नाममात्र भाड्यात मिळतील, एवढं पुरे. महापालिकेने हे मनावर घ्यावं. आणि वाचकांनो, तोवर आपल्या भागातला एखादा बँड जिथे कुठे वाजवत असेल तिथे तिकीट काढून जा. नव्वद वर्षांत या शहराला वाजवणारे कधीच कमी पडले नाहीत. कमी पडल्या त्या जागा.